लायडनच्या लायब्ररीत डच वसाहतींचा इतिहास शोधायचाय, कुठून सुरू करू?

माडाखालची:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली आम्ही डेन हागला (म्हणजे हेगला) राहतोय, नवऱ्याच्या नोकरीमुळे. माझं माहेर वेंगुर्ला. लहानपणी डच वखारीच्या पडक्या भिंतींत लपाछपी खेळलेय, पण डच म्हणजे कोण, इथे कशाला आले होते, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आता त्यांच्याच देशात येऊन पडलेय तर जरा खाज सुटलीय. मध्ये 'माक्स हावेलार', ती इंडोनेशियातल्या डच राजवटीवरची जुनी डच कादंबरी, इंग्रजीत वाचलं, दोन रात्री झोप नीट लागली नाही. शिवाय घराजवळ एका सुरीनामी (सुरीनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली डचांची जुनी वसाहत) काकूंचं रोटीचं दुकान आहे, त्या भोजपुरीसारखं काहीतरी बोलतात, मला निम्मं कळतं, त्यांनाही मी निम्मीच कळते. तर प्रश्न असा की लायडन युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत या सगळ्यावर खूप मोठा संग्रह आहे म्हणे, तिथे माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला आत घेतात का? मी स्टुडंट नाही, रिसर्चर नाही, डच जेमतेम दुकानात भाजी घेण्यापुरतं. आणि वेंगुर्ल्याचं काही तिथे मिळेल का? हसू नका, आधी नुसतं शोधायचं कसं तेच सांगा.

कालव्याकाठी:
हसतंय कोण ताई. मी लायडनला मास्टर्स केलंय, दोन वर्षं त्या इमारतीतच पडीक असायचो. लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, बाहेरच्यांना पैसे भरून कार्ड मिळतं, वेबसाईटवर बघून घ्या. विटे सिंगल नावाच्या कालव्याला लागून इमारत आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर एशियन लायब्ररी, २०१७ साली राणी माक्सिमानं उद्घाटन केलं ती.

आता संग्रह एवढा मोठा का, ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठे काय ते आपोआप लक्षात येईल. तो एका ठिकाणी जमलेला नाही, तीन-चार घरांचं सामान एका घरात आलंय. युनिव्हर्सिटीचं स्वतःचं आहेच, ती १५७५ची. मग केआयटीएलव्ही, म्हणजे भाषा, भूमी आणि लोक यांचा अभ्यास करणारी राजेशाही संस्था, स्थापना १८५१. तिची अख्खी लायब्ररी २०१४ मध्ये युनिव्हर्सिटीकडे आली, आणि त्याच्या आदल्या वर्षी अॅमस्टरडॅमच्या ट्रॉपिकल इन्स्टिट्यूटचा वसाहतींवरचा संग्रह आला. तिकडची लायब्ररी सरकारनं पैसे बंद केल्यावर मोडीतच निघाली होती.

त्यामुळे इंडोनेशिया आणि सुरीनाम या डचांच्या जुन्या वसाहती म्हणाल तर पुस्तकं, नकाशे, फोटो, हस्तलिखितं, मिशनऱ्यांची पत्रं, मळेवाल्यांचे अहवाल, काय वाट्टेल ते आहे. फोटोंचा मोठा भाग तर घरबसल्या डिजिटल कलेक्शनमध्ये दिसतो. कासियान सेफास हे नाव टाकून बघा. जावा बेटावरच्या योग्याकार्ताचा, तिथलाच फोटोग्राफर. बोरोबुदुर या जावातल्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या पायथ्याला झाकलेली १६० शिल्पं होती, ती उघडी करून १८९०-९१ मध्ये यानं एकेक फोटो काढला आणि मग पायथा परत बुजवला. आज ती जवळजवळ सगळी मातीदगडाखालीच आहेत, त्यामुळे बघायची तर याच्याच फोटोत.

एक युक्ती सांगतो, मला ही कळायला सहा महिने लागले होते. कॅटलॉगमध्ये नावं जुन्या डच स्पेलिंगनं शोधा. 'उ'साठी ते ओ-ई लिहायचे, 'ज'साठी डी-जे, 'च'साठी टी-जे. इंडोनेशियानं 'उ' १९४७ला सुधारला आणि बाकीचं १९७२ला, पण पुस्तकांवर छापलेलं कोण बदलणार? सुराबाया आजच्या स्पेलिंगनं शोधाल तर नवी पुस्तकं येतील, ओ-ई घातलंत की जुनं घबाड उघडतं.

डेल्फ्टचा भुंगा:
अवांतर. केआयटीएलव्हीची स्थापना लायडनला नाही तर आमच्या डेल्फ्टला झाली होती. १८४२ला इथे जी रॉयल अकॅडमी निघाली, जिच्यातून पुढे आमची टीयू, म्हणजे टेक्निकल युनिव्हर्सिटी आली, तिथे इंजिनीअर आणि ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला, पाठवायचे अधिकारी एकाच छपराखाली शिकायचे. म्हणजे एका वर्गात पूल बांधायचं शिक्षण आणि शेजारच्या वर्गात जावावर राज्य करायचं. आमच्या इथल्या निम्म्या देशी पोरांना हे माहीत नसेल, मलाही गेल्या वर्षी कळलं.

बंदर_खारेपाटण:
माडाखालची ताई, वेंगुर्ल्यासाठी लायडनला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथेच आहे ते! डेन हाग सेंट्रल स्टेशनला खेटून नॅशनल आर्काइव्ह आहे, व्हीओसी म्हणजे आपली डच ईस्ट इंडिया कंपनी (१६०२ ते १७९९), तिची हॉलंडमधली दप्तरं तिथे. शेल्फ मोजले तर एक किलोमीटरच्या वर भरतात. लायडनला साहित्य, भाषा, हस्तलिखितं, छापील पुस्तकं. डेन हागला कंपनीचा कारभारी कागद. सुरुवातीला सगळेच यात गोंधळतात, मीही आधी उलट्याच गाडीत बसलो होतो.

वेंगुर्ल्याची वखार १६३७ची. डचांना तेव्हा पोर्तुगीजांचा गोवा कोंडायचा होता, १६३६ पासून दरवर्षी पावसाळा संपला की त्यांचं आरमार मांडवीच्या तोंडाशी येऊन बसायचं, आणि एवढ्या गलबतांना पाणी, तांदूळ, मांस, लाकूड लागणार ते गोव्याच्या अगदी जवळून पण आदिलशाही मुलुखातून मिळायला हवं. म्हणून वेंगुर्ला. मिरीबिरी नंतर, आधी खलाशांचं पोट. पुढे याच वखारीतून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जी पत्रं गेली त्यात विजापूरच्या आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. व्यापाऱ्याचंच डोकं ते, रस्ता चालू आहे का, माल अडकेल का, एवढ्यापुरतंच लिहितात, पण आपल्याला त्यातूनही बरंच मिळतं.

हस्ताक्षर बघून घाबरू नका, सतराव्या शतकातलं डच डच माणसालाही सहज वाचता येत नाही, आपल्या मोडीसारखीच गत. पण ग्लोबलाइज नावाच्या प्रकल्पानं जवळजवळ ५० लाख पानं मशीनकडून वाचून घेतलीत आणि ती ऑनलाईन शोधता येतात. फक्त 'विंगुर्ला' टाका, मग डब्ल्यूच्या जागी व्ही, शेवटी ए, असं दहा तऱ्हांनी टाका. महाराजांचं नाव तर सिवासी, सेवागी, ज्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.

तिरफळ:
सगळं छान आहे, पण एक बोलू का, राग मानू नका. 'केवढा मोठा संग्रह' म्हणून आपण कौतुक करतोय, तो मोठा झाला कसा? १८९४ला डच फौजेनं इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा राजवाडा लुटून जाळला, त्यातून 'नागरकृतागम'ची ताडपत्रं लायडनला आली. जावातल्या मजापाहित राज्याचं १३६५ सालचं काव्य, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट. पुढे परत केली म्हणा, पण तोवर इंडोनेशियातल्या अभ्यासकाला आपलंच काव्य बघायला बोटीत बसून हॉलंडला जावं लागत होतं. आपल्याकडचे साहेब काय नि हे काय.

कालव्याकाठी:
तिरफळ, लोंबोकचं अगदी खरं. त्यात एवढंच जोडतो की सोबत गेलेल्या ब्रांडेस नावाच्या भाषापंडितानं ती आगीतून वाचवली. म्हणजे आग लावणारेही तेच, वाचवणारेही तेच. पण सगळंच लुटीचं नाही हो. 'ला गालिगो' घ्या, सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांचं महाकाव्य. लायडनला त्याचे १२ खंड आहेत, ते एका बुगी राणीनं, आरुंग पंचाना तोआनं, मात्थेस नावाच्या डच भाषातज्ज्ञासाठी बसून लिहून काढले, आणि तरी ती कथेचा साधारण तिसरा हिस्साच! बाई किती विद्वान असेल विचार करा. २०११ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते. जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो याचं आत्मचरित्रही तसंच, डचांविरुद्धचं जावाचं युद्ध (१८२५-३०) हरल्यावर मनाडोच्या कैदेत त्यानं काव्यात रचलं, त्याची एक प्रत केआयटीएलव्हीकडून इथे आलीय. तर राज्य करणाऱ्याच्या कपाटात हरलेल्याचीही बाजू सापडते, फक्त ती कुठल्या नावाखाली लावलीय ते शोधावं लागतं.

आणि ताई, 'माक्स हावेलार' मुळातून थोडं तरी वाचायचं असेल तर डीबीएनएल नावाच्या साईटवर फुकट आहे, लायडनपर्यंत जायला नको. लेखकाचं खरं नाव एदुआर्द दौवेस देक्कर, मुल्तातुली हे टोपणनाव लॅटिन, अर्थ 'मी फार सोसलंय'. १८५६ला पश्चिम जावात लेबाकला असिस्टंट रेसिडेंट, म्हणजे जिल्ह्याचा डच अधिकारी, म्हणून गेला, तिथला देशी सरदार लोकांकडून वेठ करून घेतो, म्हशी ओढून नेतो, अशी तक्रार वर केली, वरच्यांनी यालाच झापलं, तीन महिन्यांच्या आत राजीनामा. आपल्याकडच्या खोतीच्या गोष्टी ऐकलेल्या असतील तर ती म्हशीची प्रकरणं वेगळीच लागतात.

भेंडीबाजार_ते_ब्रेडा:
रोटीवाल्या काकूंबद्दल राहिलंच की. डचांनी सुरीनाममधली गुलामी १८६३ला बंद केली, पण सुटलेल्या लोकांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबवलं. ती मुदत १८७३ला संपली आणि त्याच वर्षी जूनमध्ये 'लाला रुख' हे जहाज कलकत्त्याहून माणसं घेऊन सुरीनामच्या राजधानीला, पारामारिबोला लागलं. योगायोग कसला, मजूर हवे होते. १९१६ पर्यंत ३४ हजारांच्या आसपास लोक गेले, पाच-पाच वर्षांच्या करारावर. त्या जे बोलतात तिला सारनामी म्हणतात. लायब्ररी नंतर, आधी काकूंनाच विचारा.

माडाखालची:
मंडळी, जाऊन आले. आधी काकूंकडे गेले (ब्रेडाकर, ऐकलं तुमचं), त्यांनी खापरपणजोबांच्या कराराच्या कागदाचा फोटो मोबाईलवर दाखवला, त्यावर गाव, जात, उंची आणि अंगावरच्या खुणा. नावाच्या आधी उंची कशी वाचली जाते ते तेव्हा कळलं.

मग लायडन. बॅग लॉकरमध्ये, पेन बाहेर, फक्त पेन्सिल, शाळेत गेल्यासारखं वाटलं. हस्तलिखितं मागवायची हिंमत झाली नाही, बटाव्हियाच्या किल्ल्यातल्या रोजनिशीचे छापील खंड काढले. डच कळत नाही तर थेट मागची सूची उघडली, बोट फिरवत फिरवत डब्ल्यूवर आले आणि विंगुर्ला, पुढे पानांचे आकडे. मी ते बोट तिथून काढलंच नाही किती वेळ. पान काढलं तर वेंगुर्ल्याहून जहाज आलं, पत्रं आली, बस, मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर तेवढंच निघालं.

बाबांना फोटो पाठवला तर म्हणतात, "वखारीत वडाची मुळां सोडली तर आता काय रवला नाय, आणि कागद थंय व्हय!" आता त्यांना सगळ्या पानांचे फोटो हवेत. बंदर दादा, आर्काइव्हला पहिल्यांदा जायचं तर आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते का, की ओळखपत्र घेऊन सरळ जायचं?