फेजरचं घर कुठलं लावलंय? : अंतराळयानांची शस्त्रं, इंजिनं आणि आपले अनुभव

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या दारात चपला काढून आम्ही पोरं दाटीवाटीने बसायचो. निम्मे संवाद डोक्यावरून जायचे. पण फेजरला, म्हणजे त्यातल्या किरणांच्या बंदुकीला, रेग्युलेटरसारखी घरं (सेटिंग) असतात, एका घराला माणूस नुसता बेशुद्ध पडतो आणि दुसऱ्याला मरतो, हे पहिल्याच रविवारी कळलं. दुपारी गॅलरीत फूटपट्ट्या घेऊन खेळताना "स्टन की किल?" हे आधी ओरडून सांगायचं, असा आमचा नियम होता. न सांगता मारलं की मारणारा बाद. या नियमावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी क्रिकेटवरूनही झाली नाहीत.

म्हणून हा चर्चेचा धागा. कुठल्या मालिकेतलं कुठलं शस्त्र, इंजिन किंवा ढाल तुमच्या मनात अजून घर करून आहे? कथानक नको, तपशील लिहा. तो तपशील तुमच्या रोजच्या कामाशी कुठे येऊन भिडला असेल, तर ते जरूर लिहा. वर नावाऐवजी आपला भाग लिहिला तरी चालेल.

माटुंगा

कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांत, मला 'नेक्स्ट जनरेशन'चं, म्हणजे चोविसाव्या शतकात घडणाऱ्या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेचं, टेक्निकल मॅन्युअल मिळालं. १९९१ सालचं हे पुस्तक रिक स्टर्नबाक आणि मायकेल ओकुडा या दोघांनी लिहिलंय, आणि दोघंही त्या मालिकेतच काम करणारे. फोटॉन टॉर्पेडोत, म्हणजे यानातून सोडायच्या अस्त्रात, जास्तीत जास्त दीड किलो प्रतिद्रव्य (अँटीमॅटर) असतं, असं त्यात छापलेलं. त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दीड किलो प्रतिद्रव्य दीड किलो द्रव्याला भेटलं की तिन्ही किलोंची ऊर्जा होते. तीन गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. उत्तर आलं ६४ मेगाटन. १९६१ साली सोव्हिएत संघाने फोडलेला आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब ५० मेगाटनांच्या आसपासचा होता! आकडा चुकला असेल म्हणून तीनदा करून पाहिला.

एवढा टॉर्पेडो लागूनही पडद्यावर कप्तानाची खुर्ची फक्त हलते. यानाभोवतीची ढाल ती ऊर्जा अडवते हे मान्य, पण अडवलेली ऊर्जा जाते कुठे? एवढ्या मेहनतीने पुस्तक लिहिलं आणि पडद्यावर त्याचं इमान राखलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ती वही मात्र जपून ठेवलीय.

परळ

माटुंगेकर दादा, प्रतिद्रव्यासाठी चोविसाव्या शतकात जायला नको, मी ते रोज हाताळते. पेट (PET) स्कॅन, म्हणजे शरीरातल्या गाठी शोधणारी तपासणी, त्या विभागात तंत्रज्ञ आहे. सकाळी शिशाच्या जाड डब्यातून औषध येतं. ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं, आणि त्यातून पॉझिट्रॉन निघतात, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. शरीरात तो मिलिमीटरभर जातो न जातो तोच त्याला इलेक्ट्रॉन गाठतो. दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. यंत्राचं कडं या जोड्या टिपतं आणि गाठ कुठे आहे ते दिसतं. तुमच्या टॉर्पेडोत जे होतं तेच, फक्त एकेका कणाचं.

या औषधाचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्यात जोर निम्मा होतो. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की वाटेतच औषधाचा जोर उतरत जातो आणि आम्ही इकडे घड्याळाकडे बघत पेशंटचा क्रम बदलत बसतो. टोचून झालं की पेशंटने तासभर वेगळ्या खोलीत शांत पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. मध्ये एक कॉलेजचा मुलगा आला होता. घाबरलेला, आईचा हात सोडेना. त्याच्या सॅकवर 'स्टार ट्रेक'मधल्या एंटरप्राइज यानाचं चित्र होतं. मी सिरिंजवरचं जड धातूचं कवच दाखवलं आणि म्हटलं, यातून जे निघतं ते प्रतिद्रव्य आहे. त्याने विचारलं, "वॉर्प कोरमधलं?" म्हणजे त्या यानाच्या इंजिनातलं. मी म्हटलं, त्याच कुळातलं. त्याने आईचा हात सोडला आणि दंड पुढे केला.

भांडुप

'कॅप्टन व्योम' कुणालाच कसं आठवलं नाही? १९९८, दूरदर्शन, मिलिंद सोमण. मालिका हिंदी, पण यानाच्या कप्तानाच्या जागी आपला मराठी माणूस बसलाय, याचंच मला केवढं अप्रूप होतं. त्यातलं तंत्रज्ञान मी कधी तपासलं नाही, तपासणारही नाही.

लालबाग

मी वायरमन. मुलगा 'स्टार ट्रेक' लावतो म्हणून बघतो. यानाला बाहेरून मार बसला की आतलं पॅनल फुटतं, ठिणग्या उडतात आणि समोरचा माणूस मागे फेकला जातो. मला ते बघवत नाही. जिथे माणसाचे हात लागतात तिथे कमी व्होल्टेज आणायचं आणि जड लाइन लांबून न्यायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मुलगा म्हणाला, बाबा, या यानांत तापलेला प्लाझ्मा पाइपांतून फिरवून शक्ती पोचवतात, तोच पॅनलमागे असतो. ठीक आहे. मग त्या पाइपाला मध्ये व्हॉल्व्ह नको?

एका जुन्या इमारतीत एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून कुणीतरी तो काढून वायर थेट जोडून टाकली होती. बोर्ड पेटला. घरातली बाई वाचली, पण हात भाजला. तो बोर्ड मी उतरवला. मागचं लाकूड कोळसा झालेलं आणि तांब्याच्या टोकाला वितळून मणी झालेला. एंटरप्राइजवर ठिणग्या उडाल्या की माझ्या डोळ्यांसमोर तो मणी येतो. एवढं शहाणं यान बांधणाऱ्यांना हे सुचायला हवं होतं.

पवई

२००३ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. सगळा ताफा शत्रू संगणकांत शिरून बंद पाडतो, आणि गॅलॅक्टिका हे म्हातारं जहाज तगतं, कारण त्याचे संगणक कप्तानाने एकमेकांना जोडूच दिलेले नाहीत. शस्त्रंही साधी: तोफा, गोळ्या, अण्वस्त्रं. मी नेटवर्क सांभाळतो. एका कंपनीत खंडणीचा व्हायरस घुसला त्या रात्री सर्व्हर रूममध्ये उभा राहून मी एकेक केबल हाताने उपसली होती. जे एक मशीन नेटवर्कला कधीच जोडलेलं नव्हतं, त्यावरचा बॅकअप तेवढा शाबूत राहिला.

घाटकोपर

वडील नौदलात तोफांवर होते. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि मग मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. तिथे नेऊन ते मला प्रत्येक तोफ हात लावून दाखवायचे. 'द एक्सपान्स' ही अंतराळयानांची मालिका आम्ही दोघांनी मिळून पाहिली. तिच्यात लखलखणारे किरण नाहीत. लांबून टॉर्पेडो, विजेच्या जोरावर गोळा फेकणारी रेलगन, आणि अंगावर आलेला टॉर्पेडो वाटेतच फोडायला पीडीसी, म्हणजे भराभर गोळ्या ओकणाऱ्या तोफा. वडील खुर्चीत पुढे सरकले, "अरे, ही तर आपली एके-६३०!" आपल्या युद्धनौकांवर असते ती, ३० मिलिमीटरची, सहा नळ्यांची, मिनिटाला हजारो गोळ्या झाडणारी.

लढाईआधी यानातली हवा काढून घेतात आणि सगळे सूट चढवतात, ते त्यांना फार पटलं. भोक पडलं तरी हवा सुटायला नको आणि आगीला हवा मिळायला नको. जहाजावर आगीसारखा शत्रू नाही, असं ते नेहमी म्हणतात. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "आमची चुकलेली गोळी समुद्रात पडायची. ह्यांची कुठे पडते रे?"

कुठेच पडत नाही, बाबा. ती जातच राहते. त्या रात्री त्यांनी पुढचा भाग लावू दिला नाही.

मुलुंड

अंतराळात आवाज नसतो हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मग टीव्हीत 'प्यू प्यू' कुठून येतं?" आता उत्तर देत नाही, करून दाखवते. लांब लवचिक स्प्रिंग, तिच्या टोकाला कागदी कप. स्प्रिंग लोंबकळत धरायची आणि पेन्सिलीने टिचकी मारायची. कपातून थेट लेझर बंदूक ऐकू येते! धातूतून उंच स्वर आधी पोचतात, खालचे मागून, म्हणून आवाज वरून खाली घसरतो. 'स्टार वॉर्स'साठी बेन बर्ट यांनी रेडिओ टॉवरच्या ताणतारेवर हातोडी मारून हाच आवाज मिळवला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मधल्या सुट्टीत जिन्याच्या कठड्यापासून झेंड्याच्या तारेपर्यंत सगळं वाजवून पाहिलं. तार जितकी लांब, तितका आवाज लांबतो, हे तिने मला येऊन सांगितलं.

कल्याण

मी लोकलचा मोटरमन. गाडी पळवण्यापेक्षा ती नेमकी थांबवणं हे खरं काम. बारा डबे भरलेले, पावसात रूळ ओले, की प्लॅटफॉर्म दिसायच्या कितीतरी आधी हात ब्रेकवर जातो. आताच्या गाड्यांत ब्रेक लावला की मोटरच जनित्र होते आणि वीज परत वरच्या वायरीत जाते. अंतराळात रूळ नाही, हवा नाही, घासायला काहीच नाही. म्हणून 'एक्सपान्स'मधलं यान अर्धी वाट वेग घेतं, मग इंजिन बंद करून उलटं फिरतं, आणि उरलेली अर्धी वाट शेपूट पुढे करून इंजिनाच्याच जोरावर वेग उतरवत जातं. इंजिनाचा तो झोत लांबूनही दिसतो, त्यामुळे थांबायला निघालेलं यान शत्रूपासून लपत नाही. जवळ कुणी असेल तर तो झोतच शस्त्र होतो.

रात्रपाळी संपवून मुलीसोबत एक भाग बघत होतो. यान उलटं फिरलं. ती म्हणाली, "बाबा, स्टेशन तर अजून दिसतपण नाहीये."

मी म्हटलं, "म्हणूनच आत्ता."