पीए म्हणजे कंपाउंडर नव्हे

"अमेरिकेत मुलाकडे असताना दवाखान्यात गेलो, डॉक्टर भेटलेच नाहीत, पीएनेच तपासून औषध दिलं. म्हणजे आपल्याकडचा कंपाउंडरच ना?" या काकांच्या प्रश्नावर थोडी भर.

कंपाउंडर नाही हो! पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. तो स्वतः रुग्ण तपासतो, रक्ततपासणी-एक्स-रे सांगतो, निदान करतो, औषधं लिहून देतो. ऑपरेशनमध्ये सर्जनच्या समोर उभा राहून टाकेही घालतो. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा मास्टर्स, त्यात वर्षभर वेगवेगळ्या वॉर्डांत उमेदवारी, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. डॉक्टरसारखी सक्तीची रेसिडेन्सी (पदवीनंतर काही वर्षं रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण) मात्र नसते, आणि खरा फरक तिथेच पडतो. डॉक्टरच्या देखरेखीचे नियम राज्यागणिक बदलतात.

सुरुवात मजेशीर आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली ती चारच जणांची, नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेल्यांची. डॉक्टर अपुरे, आणि हे अनुभवी हात मोकळे!

घोळ खरा त्या 'असिस्टंट' शब्दाचा. २०२१ मध्ये त्यांच्या संघटनेने 'फिजिशियन असोसिएट' हे नाव घेतलं, त्यावर डॉक्टरांच्या संघटनेने नाक मुरडलं. (मला विचाराल तर दोन्ही नावं रुग्णाला काहीच सांगत नाहीत.)

काका, पुढच्या वेळी शंका वाटली तर "मला डॉक्टरांशीच बोलायचंय" असं सरळ सांगा. फार तर भेटीची तारीख लांबेल.