१०० मिमीच्या हार्डटेलला १४० मिमीचा फोर्क बसवावा का?

घाटवाट

२९ इंची चाकांची ॲल्युमिनियम हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल) आहे. कंपनीचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) १०० मिमी दबणारा, कॉइल स्प्रिंगचा. स्टीअरर (फोर्कची वर जाणारी नळी) सरळ (२८.६ मिमी), पुढचा हब (चाकाचा मधला भाग) ९ मिमी क्विक रिलीज, हेड अँगल (स्टीअररचा जमिनीशी कोन) ६९.५ अंश. दगडांच्या उतारावर पुढचं चाक आदळतं, हात भरून येतात आणि वेग वाढला की हँडल थरथरतं. १४० मिमीचा एअर फोर्क घ्यायचा विचार आहे. हेड ट्यूबचा (स्टीअरर ज्यात बसतो ती फ्रेमची नळी) आतला व्यास ४४ मिमी भरतो. बसेल का? फ्रेमला धोका किती? सोबत आणखी काय बदलावं लागेल?

पाना-५

बसेल, पण बसवू नका. १२० वर थांबा.

ट्रॅव्हलपेक्षा (फोर्क किती दबतो त्यापेक्षा) फोर्कची उंची महत्त्वाची. ॲक्सलच्या मध्यापासून क्राउनवर (फोर्कचे दोन पाय जोडणारा वरचा भाग) हेडसेटची (स्टीअररच्या बेअरिंगची) खालची रेस बसते तिथपर्यंत, स्टीअररला समांतर मोजायची, फोर्कवर भार नसताना. १०० मिमीच्या २९ इंची फोर्कमध्ये ती साधारण ५०० ते ५१५ मिमी असते. आधी तुमच्या फोर्कची मोजा, मग नव्याच्या तक्त्यातला आकडा शेजारी मांडा. दोन कंपन्यांच्या १२० मिमी फोर्कमध्येही १० मिमीचा फरक निघू शकतो.

उंची २० मिमी वाढली की हेड अँगल साधारण १ अंशाने मागे कलतो. त्याबरोबर सीट अँगलही तेवढाच मागे जातो, बॉटम ब्रॅकेट (पेडल फिरतात तो सांधा) ७ मिमीच्या आसपास वर येतं आणि रीच (तिथून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) १० मिमीने कमी होतो. २० मिमी वाढीत हे सगळं सावरता येतं: सीट १० ते १२ मिमी पुढे सरकवा, नाक किंचित खाली करा, स्टेमखालचा (हँडल धरणाऱ्या भागाखालचा) एक स्पेसर (कडी) काढून वर घाला. ४० मिमी वाढवलंत तर सीट पुढे ढकलायला रेल पुरत नाही आणि चढावर पुढचं चाक उचलून भरकटायला लागतं.

हार्डटेलमध्ये मागे काही दबत नाही, हेही लक्षात घ्या. फोर्क दबला की सगळी सायकल पुढे कलते. १०० मिमी पूर्ण दबला तर हेड अँगल साडेचार-पावणेपाच अंश बदलतो, १४० मध्ये साडेसहाच्या पुढे. म्हणजे सपाटीवर सायकल निवांत वाटेल, आणि जोरात ब्रेक दाबून मोठ्या पायरीवरून उतरताना, जिथे आधार हवा तिथेच, हँडल उभं होईल.

फ्रेमचं म्हणाल तर तरफ लांब होते. प्रत्येक धक्क्याला हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबच्या जोडावर जास्त ताण येतो. ॲल्युमिनियम असा ताण साठवत जातं आणि तडा बहुधा डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला, वेल्डच्या कडेला सुरू होतो. फ्रेमच्या मॅन्युअलमध्ये कमाल ट्रॅव्हल किंवा कमाल उंची दिलेली असेल तर ती ओलांडू नका. वॉरंटीही तिथेच संपते.

छर्रेवाला

वरचं सगळं मान्य. हेडसेटचा मुद्दा मात्र राहिला. आजचे बरेचसे चांगले फोर्क टेपर्ड (खाली रुंद होणाऱ्या) स्टीअररचे आहेत, खाली दीड इंची. तुमची हेड ट्यूब ४४ मिमीची असल्याने खाली बाहेरचा कप (बेअरिंगची वाटी) लावून टेपर्ड बसतो. ३४ मिमीची असती तर तो रस्ताच बंद होता. पण बाहेरचा कप स्वतः १० ते १२ मिमी उंची खातो. म्हणजे १२० मिमीचा टेपर्ड फोर्क आणि तो कप मिळून १३० च्या फोर्कसारखं वागणार. हिशेबात कप धरा.

हबचंही बघा. नवा फोर्क १५×११० बूस्टचा (१५ मिमी ॲक्सल, ११० मिमी रुंद हब) असेल तर ९ मिमीचं चाक त्यात जाणार नाही. हबला बदलता येणारे एंड कॅप असतील तरच वाचाल, नाहीतर नवा हब आणि आरे पुन्हा बांधायची मजुरी. सरळ स्टीअरर आणि ९ मिमी क्विक रिलीजमध्ये रॉकशॉक्स जुडी सिल्व्हर येतो. त्यात हब आणि हेडसेट दोन्ही वाचतात. वापरलेला घेणार असाल तर स्टीअररची लांबी आधी विचारा. हेड ट्यूब, हेडसेटचा बाहेर दिसणारा भाग, स्पेसर आणि स्टेमची उंची (बहुधा ४० मिमी) यांची बेरीज वजा ३ मिमी, इतकी तरी हवी. कापलेला स्टीअरर वाढवता येत नाही.

घाटवाट

मग १२०, सरळ स्टीअरर. पण २० मिमीने उतारावर खरंच फरक पडेल?

पाना-५

फरक डँपिंगने (फोर्कची हालचाल आवरण्याने) पडेल. स्वस्त कॉइल फोर्कला रिबाउंड (परत येण्याचा वेग) आवरायची धड सोय नसते. दगडावर दबला की उसळून परत येतो, पुढच्या दगडाला चाक हवेत असतं आणि हात भरतात. चांगला १०० मिमीचा एअर फोर्कही तुमच्या आत्ताच्या फोर्कपेक्षा खूप पुढे असेल.

बसवताना सॅग (स्वाराच्या भाराने फोर्क किती बसतो ते) २० ते २५ टक्के ठेवा, १२० मध्ये २४ ते ३० मिमी. नेहमीचं सामान अंगावर घेऊन, पेडलवर उभं राहून मोजा. मोजायची रबरी रिंग नसेल तर स्टँकशनला (फोर्कच्या आत सरकणाऱ्या नळीला) झिप टाय बांधा.

छर्रेवाला

बसवण्याचा क्रम: क्राउन रेस जुन्या फोर्कवरून उतरवून नव्यावर पूर्ण टेकवा. अर्धवट बसली तर हेडसेट दोन फेऱ्यांत सैल होतो. स्टीअरर लगेच कापू नका. जास्तीचे स्पेसर स्टेमवर घालून चालवून बघा, उंची पटली की वरच्या स्पेसरच्या २-३ मिमी खाली कापा, कडा कानशीने घासा. स्टार नट (टॉप कॅपचा, म्हणजे वरच्या झाकणाचा बोल्ट ज्यात अडकतो तो) वरच्या कडेपासून १५ मिमी आत, सरळ.

टॉप कॅप फक्त खेळ जाईपर्यंत आवळा. पुढचा ब्रेक दाबून, खालच्या कपवर बोट ठेवून सायकल पुढेमागे हलवा. टकटक जाणवली तर अजून थोडं. मग स्टेमचे बोल्ट, स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कला, बहुधा ५ ते ६ न्यूटन मीटर.

शेवटी सगळी हवा सोडून फोर्क पूर्ण दाबा. टायर आणि क्राउनमध्ये बोटभर तरी जागा राहायला हवी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्राउनवरची नॉब डाउन ट्यूबला लागत नाही ना, तेही बघा. ब्रेकची नळी वळवताना ताणली जात असेल तर नवी लांब टाका.

आणि महिन्यातून एकदा डाउन ट्यूबचा तो जोड पुसून टॉर्चने बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली की सायकल भिंतीला लावा.