मदत हवी आहे: मूळ केसपेपर सील कसे करून घ्यायचे?

बाळंतिणीच्या मृत्यूनंतर नातेवाईक चार दिवस रुग्णालयाच्या दारात ठिय्या देऊन आहेत. लेखी अर्जानंतर ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. हाती आला फक्त डेथ समरीचा एक कागद. नर्सिंग नोट्स, भूल दिल्याचा तक्ता, रक्ताची पिशवी कधी लावली त्याची नोंद, काहीच नाही. खाडाखोड होते ती नेमकी तिथेच!

डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) तज्ज्ञांचे मत येईपर्यंत पोलीस थांबलेत, ते समजू शकतो. पण तोवर मूळ केसपेपर ताब्यात घ्यायला त्यांना कसे भाग पाडायचे? पोलीस अधीक्षकांकडे अर्ज पुरेल, की थेट कोर्टात जावे? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आत्ताच तक्रार करावी का? ग्राहक आयोगाची २ वर्षांची मुदत ठाऊक आहे. अर्जाचा नमुना असल्यास कृपया आजच टाका.