मदत हवी आहे: बाळ रडलं की आईला उठवणारा पाळणा (ईएसपी३२)

नमस्कार मंडळी,

माझ्या ताईला ऐकायला कमी येतं. दिवसा श्रवणयंत्र असतं, पण झोपताना ते काढून ठेवावं लागतं. बाळ तीन महिन्यांचं आहे. दाजींना आठवड्याआड रात्रपाळी असते. सध्या आई सोबतीला आहे, पण ती पुढच्या महिन्यात गावी जाईल. त्याआधी पाळणा तयार हवा.

आत्ता ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डला आवाजाचा साधा सेन्सर जोडलाय. आवाज वाढला की टेलिग्रामवर संदेश जातो आणि उशीखालचा फोन थरथरतो.

मुख्य अडचण खोट्या इशाऱ्यांची आहे. हा सेन्सर फक्त आवाज किती मोठा आहे ते सांगतो, कशाचा ते नाही. कुकरची शिट्टी, गल्लीतली कुत्री, सगळ्यांना तो रडणंच समजतो. मर्यादा वाढवली तर बाळाची सुरुवातीची कुरकुर निसटते. इतरांना पडल्या पडल्या कानोसा घेता येतो, ताईला दर वेळी उठून बघावं लागतं. कुत्र्यांपायी चार वेळा उठावं लागलं तर पाचव्यांदा ती त्यावर विसंबणार नाही, आणि नेमकं तेव्हाच बाळ रडत असेल.

तान्ह्या बाळाच्या रडण्याचा मूळ स्वर साधारण ३०० ते ६०० हर्ट्झ असतो, कुकरची शिट्टी त्याच्या बरीच वर. म्हणून आयएनएमपी४४१ हा डिजिटल मायक्रोफोन घेऊन बोर्डवरच एफएफटी (आवाजात कोणते स्वर किती आहेत ते काढणारं गणित) करायचा विचार आहे. कोणी केलंय का? आणि भुंकणं वेगळं कसं काढायचं?

दुसरं म्हणजे लाइट गेली की राउटर बंद, म्हणजे संदेशही बंद. आमच्याकडे लाइट रात्रीच जास्त जाते.

पाळणा आपोआप हलवणारी मोटर नकोय. बाळ रडलं तर त्याला कोणीतरी उचलायला हवं. झोपायच्या खोलीत इंटरनेटला जोडलेला कॅमेराही नको.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

एफएफटीची दिशा बरोबर आहे, पण नुसत्या स्वरावर थांबू नका, वेळही मोजा. भुंकणं तुटक असतं. रडण्यात लांब हुंकार, मध्ये श्वास, पुन्हा हुंकार असं चालू राहतं. रडण्याच्या स्वराच्या पट्ट्यातला आवाज दहा सेकंदांपैकी निम्म्याहून जास्त वेळ टिकला तरच इशारा द्या. मायक्रोफोन पाळण्याला बांधू नका, कड्यांची करकर त्यात शिरते. जवळच्या भिंतीवर लावा.

राउटरवर अवलंबूनच राहू नका. ईएसपी-नाऊ वापरलं तर दोन ईएसपी३२ राउटरशिवाय थेट एकमेकांशी बोलतात. दुसरा बोर्ड ताईंच्या पलंगापाशी ठेवा आणि त्याची कंपन मोटर ट्रान्झिस्टरमधून चालवा, थेट पिनवरून नको. दोन्ही बोर्डांना बॅटरीचा आधार द्या. मात्र लिथियम सेल टेबलावर ठेवा, गादीखाली फक्त मोटर जाऊ द्या. टेलिग्राम हवंच असेल तर तिसरा बोर्ड घ्या, कारण वायफाय आणि ईएसपी-नाऊ एकाच बोर्डवर चालवताना दोघांचा चॅनल एकच लागतो आणि राउटर गेला की तिथे घोळ होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: पाळण्याकडच्या बोर्डने दर पाच सेकंदांनी ‘मी चालू आहे’ एवढं कळवायचं. अर्धा मिनिट काहीच आलं नाही तरी मोटर थरथरली पाहिजे. नाहीतर बाळ शांत झोपलंय की यंत्र बंद पडलंय, हे ताईंना कळणार नाही.