ज्यानं आण्णांच्या हातावर कोयता मारला, त्याला आमच्याच युनिटवर काम द्यायचं का?

ओव्हरलॉकवाली, सोलापूर

मालक म्हणाले, मंगळवारपर्यंत सांग. घरात विचारायची सोय नाही, म्हणून इथं विचारते. थोडं लांबेल.

मी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटवर सुपरवायझर आहे. अठ्ठावीस मशिनी, बहुतेक बायका, पीसवर पैसे. शाळांचा सीझन लागला की कारागीर मिळत नाही. गेल्या आठवड्यात एक बाई मुलासाठी काम मागायला आली. मुलगा येरवड्यातून सुटलाय, आत शिलाई विभागात होता, मशीन चांगली मारतो म्हणाली. मालकांनी नाव विचारलं आणि मला आत बोलावलं.

२०१७ च्या नोव्हेंबरात आण्णा, म्हणजे माझे वडील, लूमवरची दुसरी पाळी संपवून सायकलवरून घरी येत होते. खिशात आठवड्याचा पगार. तिघांनी अडवलं. आण्णांनी खिसा सोडला नाही, तेव्हा या पोरानं कोयता घातला, उजव्या मनगटाच्या जरा वर. हात राहिला, पण अंगठा बोटाला टेकत नाही. ज्यांनी लूम बघितलाय त्यांना कळेल. ताण्यातला धागा तुटला की विणकर चिमटीत धरून गाठ मारतो आणि लूम परत सुरू करतो, बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. टाके सुकल्यावर आण्णा कामावर गेले, तर एका गाठीशी पाऊण तास झटत बसले. शेवटी शेजारच्या लूमवरच्या माणसानं येऊन गाठ मारून दिली. आण्णा भरला डबा घेऊन घरी आले. परत गेले नाहीत.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ते सोडून मशीनवर बसले. आई विड्या वळते. पूर्वी दिवसाला हजार व्हायच्या, आता सहाशेच्या पुढं जात नाहीत, कारण मधेच सूप खाली ठेवून उठते आणि दाराची कडी बघून येते. रात्री तीनदा. लहान भाऊ आण्णांच्या मागून चालत नाही, पुढं चालतो. मागून पाऊल वाजलं की ते भिंतीला टेकतात.

कोर्टात ओळखा म्हणाले तर आण्णांनी सवयीनं उजवा हात उचलला, तो अर्ध्यातच राहिला. मग डाव्या हातानं दाखवलं. कलम ३९७ लागलं, हत्यार वापरून लुटल्याचं, त्यात सात वर्षांपेक्षा कमी देता येत नाही, तेवढीच झाली. दंडातले पाच हजार आम्हाला मिळाले. तो सुटला ते आम्हाला कुणी कळवलं नाही. आई भाजी आणायला गेली आणि तो समोर उभा.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? तो शिकून आला. आत त्याला शिकवायला मास्तर होता, मशीन होती. आण्णांना डाव्या हातानं सही करायला कुणी शिकवलं नाही. ती मी शिकवली, दुरेघी वहीवर, पोस्टाच्या खात्यासाठी.

आणि तरी त्याच्या आईकडं बघून तोंडातून नाही निघालं नाही. तीही विड्या वळते. दोघी एकाच कारखान्यात विड्या द्यायला जायच्या, पानं घ्यायला एकाच रांगेत. त्या दिवसानंतर तिनं स्वतःच वार बदलून घेतला, सात वर्षं आईसमोर आली नाही. तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ते आम्हाला नंतर कळलं.

हो म्हणू का? आणि आण्णांना अजून काही मिळू शकतं का?

खरं_बोलणारा

काय करू लालाव ताई? कोयतावाल्याला कामाला? उद्या पगाराच्या दिवशी गल्ल्यावर कोण बसणार, तो? असल्यांचा पुळका आला म्हणूनच सोलापूरचं हे झालंय.

कोर्टाच्या_पायरीवर

ताई, मी विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक आहे, वकील नाही. आधी पैशांचं बोलतो.

दंडातली रक्कम वेगळी आणि पीडित भरपाई वेगळी. २००९ च्या दुरुस्तीनं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आलं, त्यात राज्यानं भरपाई द्यायची असते. आरोपीकडं दमडी नसली तरी. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात तेच कलम ३९६ आहे. तुमच्याकडं हे कुणी बोललं नाही, याचं मला नवल वाटत नाही. रोज बघतो.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, अर्जाला फी नाही. निकालाची प्रत, दवाखान्याची कागदं, हाताच्या अपंगत्वाचा दाखला आणि आण्णांचं बँक पासबुक न्या. इतकी वर्षं झालीत, तेव्हा उशीर का झाला ते अर्जात स्पष्ट लिहून विलंब माफ करायची विनंती करा. मिळेलच असं सांगणार नाही. पण अर्जच नसेल तर कोण देणार?

कामाबद्दल: शिक्षा भोगून आलेल्याला खासगी मालकानं कामावर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. तुमच्यावरही बंधन नाही. ‘नाही’ म्हटलंत तर तुम्ही कुणाचं वाईट केलं असं होत नाही, एवढं मनाशी धरा.

तारेपलीकडचा

मी सेटलमेंटमधला. सोलापुरातल्यांना पत्ता सांगायला नको. १८७१ च्या कायद्यानं आमच्या जातीच्या जातीला गुन्हेगार ठरवलं होतं. माझे आजोबा या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेच्या आत राहायचे, गिरणीत जायचे आणि हजेरी द्यायचे. तार ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली. पण अजूनही कुठं चोरी झाली की पहिली गाडी आमच्या गल्लीत. म्हणून वरच्या साहेबांचं ‘असले’ वाचून कानशिलं तापली.

पण ताई, मी तुम्हाला ‘घ्या’ म्हणणार नाही. माझा थोरला भाऊ आत जाऊन आलाय. सुटला तेव्हा तीन महिने कुणी उभं केलं नाही, जुने दोस्त मात्र रोज दारात. ज्या दिवशी रसवंतीवर बसायला लागला त्या दिवसापासून ते यायचे थांबले. कामानं फरक पडतो हे मी घरात बघितलंय. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, औंध संस्थानानं १९३९ ला काढलेली. तिथं कैदी बायका-मुलांसह राहून शेती करतात. हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात.

पण भाऊ ज्याच्याकडं चोरी करून आत गेला त्याच्या दुकानात त्याला ठेवलं असतं, तर मी त्या दुकानदाराच्या जागी जेवलो नसतो. पोराला काम पाहिजे, तुमच्याच छताखाली कशाला? सोलापुरात शिलाईची युनिटं काय कमी आहेत? तुमचे मालक दुसऱ्याला फोन करू शकतात की.

ओव्हरलॉकवाली

सगळ्यांचं वाचलं. खरं_बोलणारा भाऊ, गल्ल्यावर मालकांची बायको बसते, काळजी नको.

तारेपलीकडच्या दादांचं पटलं. काल मालकांना सांगितलं, आमच्याकडं नको, पण तुमच्या मेव्हण्याच्या युनिटवर बघा. एमआयडीसीत, अक्कलकोट रोडला. आमच्या घरापासून लांब. मालकांनी समोरच फोन लावला. ट्रायलला पंधरा शर्टांची कॉलर दिलीय म्हणे.

त्याच्या आईला निरोप मीच दिला. ती म्हणाली, “पोरगं एकदा आण्णांच्या पाया पडायला येऊ दे.” मी नाही म्हणाले. त्याला पडायचं असेल, पण आण्णांनी बघायचं का, हे आण्णा ठरवतील. त्यांना अजून विचारलेलं नाही. आईला तर यातलं काहीच माहीत नाही, आणि सध्या सांगणारही नाही.

कोर्टाच्या पायरीवरचे दादा, निकालाची प्रत ट्रंकेत सापडली, खालून उंदरानं कुरतडलीय पण नंबर वाचता येतो. अपंगत्वाचा दाखला काढलेलाच नव्हता. सोमवारी सुट्टी टाकून आण्णांना सिव्हिलला नेते. अर्जावर त्यांची डाव्या हाताची सही चालेल ना? पोस्टात दोनदा परत पाठवली होती.

कोर्टाच्या_पायरीवर

चालते. न जमली तर अंगठाही चालतो. साडेदहाला या, मी तिथंच असतो.

ओव्हरलॉकवाली

अंगठा नको. सहीच करतील.