जडेजा देऊन संजू: तुम्हाला पटलं का?

प्रश्न: आयपीएलमध्ये चेन्नईनं जडेजा आणि सॅम करन राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला. २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून कप आणणारा जडेजासारखा माणूस असा सोडतात? मला अजून पचत नाही.

उत्तर १: वय बघा ना. जडेजा १९८८ चा, संजू १९९४ चा. धोनीनंतर कीपर कोण, हे कधीतरी ठरवायचंच होतं.

उत्तर २: कीपर मिळाला, पण चेपॉकवर, म्हणजे चेन्नईच्या घरच्या मैदानावर, जडेजाची चार षटकं कोण टाकणार? एकटा फिरकीपटू नूर अहमद किती पुरेल!

प्रश्नकर्ता: म्हणूनच प्रशांत वीरवर १४.२० कोटी लावले. डावखुरा फिरकीपटू, खाली फटकेबाजीही करतो. फक्त दोन सामन्यांनंतर बाहेर बसवू नका, पूर्ण सीझन खेळवा पोराला.